बुचाचा कान

आमच्या ह्यांना सगळी गल्ली बूचवाला म्हणते. मला बूचवाल्याची बायको म्हणतात, आणि मी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. का घ्यावं? गल्लीतल्या निम्म्या घरांच्या टबांत आणि बेसिनांत ह्यांच्या हातचं रबरी बूच बसलेलं आहे. घराच्या मागच्या खोलीत प्रेस आहे. पोलादाच्या दोन तुकड्यांचा साचा, त्यात रबर घालायचं, तापवून दाबायचं, उघडलं की बूच तयार. दाबताना साच्याच्या फटीतून थोडं रबर बाहेर येतं आणि बुचाच्या कडेला पापुद्रा राहतो. त्याला आम्ही झालर म्हणतो. ती कापायचं काम माझं. बुटक्या स्टुलावर बसायचं, समोर टोपली, हातात वाकडी कात्री. लग्न होऊन आले तेव्हापासून करते आहे. डोळे कुठेही असोत, कात्री बरोबर चालते. सासूबाईंशी भांडता भांडता मी टोपली रिकामी करते, दोन्ही कामं नीट होतात.

माणूस तसा घुमा. दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा काढणार नाही. पण एक रीत होती. साच्यातून नवीन काही निघालं की गरमागरम, ह्या हातातून त्या हातात झेलत, हे थेट स्वयंपाकघरात यायचे आणि माझ्या तळहातावर ठेवायचे. मी अंगठ्यानं दाबून बघायचं. "हं" म्हटलं की पास. "अं हं" म्हटलं की निमूट परत. सासूबाई म्हणायच्या, "तुझ्या अंगठ्याला काय डोळे फुटलेत का गं?" फुटलेच होते म्हणा ना. दुसऱ्या बायकांना काय काय मिळत असेल ते मिळो. मला ते गरम रबर मिळायचं, सगळ्यांच्या आधी, आणि मला तेवढं पुरत होतं.

मग सासूबाईंचे गुडघे धरले. डॉक्टरांनी सांगितलं, रोज कोमट पाण्यात बसा. म्हातारी टबात बसायची, जरा ऊब लागली की पाय पसरायची, आणि टाच नेमकी बुचाच्या साखळीत अडकायची. बूच बाहेर, पाणी भुर्रकन खाली, आणि ही कोरड्या टबात कुडकुडत बसलेली. मग जी हाक यायची ती प्रेसच्या आवाजावर चढायची.

"अरे बूचवाल्या! गावभर बुचं वाटतोस आणि आईचं पाणी वाहून जातंय! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!"

एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा हे टबापाशी उकिडवे बसले आणि ते भोक बघत राहिले. आईला टॉवेल द्यायचंही भान नाही, तो मी दिला. त्या दिवसापासून ह्यांच्या डोक्यात एकच भुंगा. टाच लागो, पोर ओढो, काही होवो, बूच निघता कामा नये. पण काढायचं म्हटलं तर म्हातारीलाही काढता यायला हवं.

मी वाट बघत बसले. आज येतील, उद्या येतील, तळहातावर काहीतरी ठेवतील. कसलं काय! गरम वस्तू रुमालात गुंडाळून, आमच्या स्वयंपाकघराच्या दारावरून, सरळ गल्ली ओलांडून समोर.

समोर कोण? साचेवाली. पोलाद कोरून साचे बनवते. बाप गेल्यावर तिनंच दुकान चालवलं. एकटी राहते, कातडी एप्रन घालते, चष्मा कपाळावर चढवते आणि हसते ती अशी की आमच्या खिडकीची काच थरथरते. ह्यांना दादा म्हणते, मला वहिनी. म्हणू दे. दादा म्हटल्यानं काय होतं? तोंडानं काहीही म्हणता येतं. मी अंगठा झिजवला ह्या धंद्यात, आणि ही कानामागून आली आणि तिखट झाली.

खिडकीतून सगळं दिसायचं. हे वस्तू तिच्या हातात द्यायचे. ती दाबायची, वाकवायची, कडेवरून बोट फिरवायची आणि काहीबाही सांगायची. हे तिच्या तोंडाकडे बघत ऐकायचे. माझ्या तोंडाकडे असं कधी बघितलं होतं? मी तर नुसतं "हं" म्हणायची. तिला एवढं काय काय बोलायला सुचायचं, कोण जाणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एक दिवस हे घरी आले ते बोटाला पट्टी बांधून. स्वच्छ, घट्ट, टोकाला छोटी गाठ मारलेली.

"हे कोणी बांधलं?"

"भाजलं जरासं. तिनं बांधली."

"घरात पट्टी नव्हती? का बायको नव्हती?"

"तिथंच भाजलं," म्हणाले आणि आत गेले.

इतक्या वर्षांत ह्यांना भाजलेलं मी बघितलं नव्हतं. साचा किती तापलाय ते ह्यांना लांबूनच कळायचं. मी मनात म्हटलं, हो, भाजेलच. लक्ष कुठे होतं? सासूबाई गालात हसत म्हणाल्या, "सूनबाई, भाजलं त्याला आणि फोड तुला आलाय." मी त्यांचा चहा आपटून ठेवला. खरं सांगते, त्या पट्टीची गाठ मला रात्रंदिवस डोळ्यांसमोर दिसत होती. सोडून मी बांधली असती तर चार दिवस तरी सुखाचे गेले असते, पण हे हात लावू देईनात. हात मागे घ्यायचे. तेव्हा तर मी चुलीवरच्या पाण्यासारखी उकळले.

मग एका सकाळी नव्या बुचांची अख्खी टोपली माझ्या स्टुलासमोर आली. ना दाखवणं, ना विचारणं.

"झालर काढून ठेव. एक टबाला बसव आणि पाणी भरून ठेव. मी टबवाल्याला घेऊन येतो," एवढं बोलून हे बाहेर.

टबवाला म्हणजे टब विकणारा मोठा दुकानदार. त्याला पसंत पडलं तर त्याच्या प्रत्येक टबाबरोबर आमचं बूच जाणार होतं. म्हणजे सगळं ठरलंसुद्धा, आणि घरच्या बाईला मेलं कळतंय कधी, तर कात्री चालवायच्या वेळी!

बूच हातात घेतलं. चांगलं होतं, खोटं का बोलू? चपटं, साखळी नाही, कडी नाही, टाच अडकायला जागाच नाही. भोकात रुतून बसेल असं. पाणी जितकं भरावं तितकं घट्ट. पण कडेला एका जागी नखाएवढं रबर बाहेर आलेलं, जिभेसारखं. दुसरं उचललं, त्यालाही तिथंच. तिसऱ्यालाही. आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! साच्याला त्या जागी फट राहिली होती. चोख म्हणवणाऱ्या बाईचा साचा गळत होता! "बघा," मी सासूबाईंना म्हटलं, "हिचे साचे! एवढी जाड झालर मी जन्मात बघितली नाही."

"विचार तरी आधी," सासूबाई म्हणाल्या.

"विचारायचं काय त्यात? झालर ती झालर."

कच, कच, कच. अख्खी टोपली गुळगुळीत केली. इतकं मन लावून मी कधी काम केलं नव्हतं. एक बूच टबाला बसवलं, सासूबाईंनी वर पाणी सोडलं आणि पाहुणा येणार म्हणून साबणाचा फेस केला. टब ढगासारखा पांढराफेक दिसायला लागला.

टबवाला आला. हे आले. मागोमाग साचेवालीही आली, चष्मा कपाळावर. माझ्याकडे बघून "वहिनी" म्हणून हसली. मी पदर खोचला.

सासूबाई टबाच्या काठावर बसल्या, पाय पाण्यात सोडले आणि टाच घासून घासून बुचाला लाथा घातल्या. म्हातारीला भारी मजा आली. बूच जागचं हललं नाही. पाणी थेंबभर उतरलं नाही. टबवाला वाकून बघत म्हणाला, "वा! आणि आता काढायचं कसं?"

"सरळ ओढून कुणाच्यानंच निघणार नाही. पोरांनी कितीही ओढलं तरी नाही," हे म्हणाले. इतकं लांब वाक्य ह्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते. "पण कडेला एक कान ठेवलाय. कान धरून वर केला की कड सुटते, कडेतून पाणी शिरतं, की बूच अलगद हातात. आईनंही काढावं असं."

कान.

ती फट नव्हती. तो कान होता, आणि तो आत्ता माझ्या स्टुलाखाली कचऱ्यात पडला होता. एकटा नाही, टोपलीभर कान. मला वाटलं, आता हे हात घालतील, चाचपतील आणि वळून माझ्याकडे बघतील. चार माणसांत माझी शोभा होणार.

ह्यांनी बाही वर केली, फेसात हात घातला. खाली चाचपलं. बोटं जुळवली.

"हा बघा," टबवाल्याला म्हणाले, "हा धरला कान."

मी बघतच राहिले. आधी वाटलं, थट्टा करताहेत. पण हे थट्टा करणारे नव्हेत.

"आता ओढतो." खांदा हलला. "पक्कं बसलंय जरा. कान धरलाय मी, येईल."

नसलेला कान धरून हे ओढत होते. कपाळावर घाम आला होता. मी साचेवालीकडे बघितलं. तिचं हसू केव्हाच गेलं होतं. ती ह्यांच्या हाताकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात आश्चर्य नव्हतं. तिला माहीत होतं. तेव्हा मला पट्टी आठवली. मागे घेतलेला हात आठवला. गरम वस्तू ह्या हातातून त्या हातात झेलायची सोडून रुमालात गुंडाळून नेलेली आठवली.

ती पुढे सरकली. मी तिला कोपरानं बाजूला सारलं. हो, सारलं. पाण्यात हात घातला, ह्यांची बोटं बाजूला केली, कडेखाली नख घालून बूच एका अंगानं उचकटलं. पाणी गडगडत खाली गेलं.

"झालर कापताना कान माझ्याकडून कापले गेले," मी टबवाल्याला म्हटलं. "ह्यांची चूक नाही. साचाही चांगला आहे."

"मग कानवालं घेऊन दुकानावर या," तो म्हणाला. "टिकतंय छान." सासूबाई त्याला दारापर्यंत पोचवायला गेल्या, साचेवालीही गुपचूप निघून गेली. आम्ही दोघंच टबापाशी राहिलो. ह्यांचा हात माझ्या हातात होता, सुरकुतलेला, ओला. मी ह्यांच्या अंगठ्यात नख रुतवलं.

"कळतंय?"

"नाही."

"दुसऱ्या हाताचं?"

"तेही फारसं नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"तुझ्या तळहातावर ठेवायला आलो असतो," हे म्हणाले, "तर तुला लगेच कळलं असतं. प्रेस बंद करायला लावली असतीस."

"लावलीच असती!"

"म्हणून. रबर कडक झालंय की मऊ राहिलंय, मला कळेना. कुणाला तरी विचारायला हवंच होतं. ती सांगायची, बस. त्या दिवशी तापलेल्या साच्यावर हात ठेवून बोलत होतो तिच्याशी. तिनं ओढला म्हणून वाचला."

मी खूप बोलले. काय काय बोलले ते आता सांगत नाही, पण गल्लीनं ऐकलं असणार. शेवटी रडले. हे तिथंच उकिडवे बसून राहिले, रिकाम्या टबाकडे बघत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सुई टोचली, हातोडी मारली, नसांचं काहीतरी सांगितलं. म्हणाले, औषध देऊ, पण आधी सांगा, कधीपासून आहे हे? हे म्हणाले, हळूहळू झालं, लक्षात नाही. डॉक्टर माझ्याकडे वळले.

"तुम्ही घरात असता. आधी कुठलं बोट? दोन्ही हात एकदम, का एक आधी? नीट आठवून सांगा, औषध त्यावर ठरेल."

मी त्या माणसाबरोबर एका ताटात जेवलेली बाई, आणि मला एक अक्षर सांगता येईना.

घरी आल्यावर चप्पलही काढली नाही, तशीच गल्ली ओलांडली. तिच्या दारात मी कधी पाय ठेवला नव्हता. ती कानशीनं पोलाद घासत होती. मला बघून उठली, चष्मा खाली घेतला.

"ह्यांच्या हाताचं कधीपासून आहे?" मी विचारलं. "डॉक्टरांना सांगायचंय."

तिला आठवावंसुद्धा लागलं नाही. उजव्या हाताची करंगळी आधी, मग तिच्या शेजारचं बोट, थंडी संपता संपता डावा हात. अंगठा सगळ्यात शेवटी. सकाळी जास्त, दुपारी जरा बरं. कोणत्या दिवशी हातातून पाना पडला, कोणत्या दिवशी शर्टाचं बटण लागेना, सगळं सांगितलं. मी दाराची चौकट धरून ऐकत होते आणि तोंडात पुटपुटत होते, विसरायला नको म्हणून.

"बसा ना वहिनी, पाणी देते," ती म्हणाली.

"नको," मी म्हटलं, आणि मग आणखी एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं.