शिआनच्या तटाखाली फुगडी

ग्लासगोच्या मैत्रिणींनो, ऐका! आज संध्याकाळी आम्ही चीनमधल्या शिआनला होतो. शहराला केवढा तो जुना तट, आणि त्याच्या वेशीतून गाड्या सुसाट पळतात.

तटाखाली टेपवर डिस्को लावून तिथल्या आज्या नाचत होत्या. मीही घुसले. त्यांच्या स्टेप्स काही जमेनात, म्हणून एका आजींपुढे सरळ हातांची फुली करून धरली. त्यांनी हात घट्ट पकडले आणि आम्ही अशी फुगडी घातली की तट, मॉल, दिवे सगळं गरगरलं!

"आई, स्टॉप! आजी पडेल!" माझी लेक ओरडली.

आजी कसल्या पडतात? धापा टाकत खाली बसले ती मी. त्यांनी हसत लेकीपुढे हात धरले.

आता सांगा, यंदा मंगळागौरीला गुडघ्यांचं कारण कोण देणार आहे?