मामांचा घट्ट रस्सा

माझ्या नातीला गहू चालत नाही. पोटात गेला की आतडी सोलवटतात. कॉलेजच्या खाणावळीत ती नुसता भात आणि रस्सा खायची, तरी वाळत चालली होती. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर शिक्षण सोडावं लागेल." म्हणून मी थेट तिथल्या आचाऱ्यांना गाठलं. सगळे त्यांना मामा म्हणत. माणूस लाख मोलाचा, गप्पांत तर मलाही मागे टाकील!

"आजोबा, पोरीचं पातेलंच वेगळं ठेवतो. पावाचा तुकडा तिच्या ताटाला शिवू देत नाही," मामा छाती फुगवून म्हणाले. "उलट पोरगी काडी झालीय, म्हणून तिच्या रश्शात दोन चमचे पीठ घालतो. घट्ट होतो, अंगी लागतो."

"कसलं पीठ, मामा?"

"गव्हाचंच की! चांगलं खमंग भाजून."

"अहो, पाव काय नि पीठ काय, गहू तो गहूच!"

मामांनी हातातली पळी खाली ठेवली. "उद्यापासून हिला मी वाढणार नाही. माझा मलाच भरवसा उरला नाही."

जवळपास दुसरी खाणावळ नव्हती आणि वसतिगृहात स्वयंपाकाला बंदी. मी मामांच्या पाठीवर हात ठेवला.

समोरच जेवायला बसलेल्या नातीनं ताट बाजूला सारलं. "चला आजोबा, सामान बांधू."