वाटेवरची तार

तिला सगळे ‘घोरपड’ म्हणायचे, कारण कितीही खडा चढ असो, सायकलवरून ती पाय खाली टेकायची नाही. पन्नाशी उलटली तरी दर रविवारी ती पाहुण्यांना सायकलींवरून द्राक्षमळ्यांतून, पुढे जंगलातून, टेकडीवरच्या पडक्या बुरुजापर्यंत न्यायची. मळे तिच्या थोरल्या भावाचे. सायकलवाले वेली मोडतात, ही त्याची कायमची कुरकुर.

त्या रविवारी उतारावर ती सगळ्यांच्या पुढे होती. मळा संपतो तिथे दोन झाडांमध्ये कुणीतरी तार ताणली होती. सावलीत ती दिसलीच नाही. घोरपड उताणी आपटली आणि तिच्या खांद्याचं हाड मोडलं.

हात गळ्यात बांधून ती थेट भावाच्या वाइनच्या तळघरात शिरली.

“दादा, तार तू बांधलीस?”

“वाट बंद आहे, हे कळायला नको?”

“मग फळी लावायचीस! माझ्यामागे एक शाळकरी पोर होती. तिच्या गळ्याला लागली असती.”

“तू पुढे असशील असं वाटलं नव्हतं,” तो पुटपुटला.

“म्हणजे परक्याची मान कापली असती तर चाललं असतं?”

तिने तिथलीच पक्कड उचलली आणि जाऊन एका हाताने तार तोडली. मग पोलीस चौकीत सख्ख्या भावाविरुद्ध तक्रार दिली.

“घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला नेलंस?” आई रडली.

“तार त्यानेच चव्हाट्यावर बांधली होती, आई.”

भावाला नुसती समज देऊन सोडलं. खांदा भरून आला, रविवारच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. भाऊ मळ्यातून हाक मारतो, पण ती ब्रेक लावत नाही.