गेटवर लाल झालेलं नाव

ती केस आठवली की आजही माझं डोकं फिरतं. फौजदारकी सोडली, वर्दी परत केली, तरी फिरतं!

बाळकुमच्या एका कॉम्प्लेक्समधून सेक्रेटरींचा फोन आलेला. "मॅडम, चोर सापडलीय, घेऊन जा."

सोन्याच्या बांगड्या गेलेल्या, त्यांच्याच घरातल्या. लग्नाला जायचं म्हणून कपाट उघडलं, तर डबी रिकामी. गेटवरच्या ॲपमध्ये प्रत्येकाची एंट्री असते. सेक्रेटरीसाहेबांनी त्या एंट्र्या चाळायला स्वतः क्वेरी लिहिलेली: या महिन्यात आमच्या फ्लॅटवर आलेले, पण मागच्या महिन्यात न आलेले. नाव एकच. आंबिवलीहून येणारी नवी कामवाली.

"डेटा खोटं बोलत नाही," छाती फुगवून सांगत होते.

फिर्याद घेतली, गुन्हा दाखल झाला. बाईमाणूस म्हणून तिचा जबाब माझ्याकडे. ती रडली नाही, भडकली. "नवी म्हणून चोर? ॲपवर मला लाल केलंय, मॅडम. वॉचमन आत सोडत नाही. सगळ्या घरांची कामं गेली. पोरांना काय घालू?"

मी सेक्रेटरींच्या बायकोला फोन लावला. बांगड्या शेवटच्या कधी घातलेल्या?

"पाडव्याला. सोनं काय रोज काढतो का आपण?"

अरे, पाडवा मागच्या महिन्यात! म्हणजे बांगड्या ही बाई कामाला लागायच्या आधीही गेलेल्या असू शकतात!

एंट्र्यांची फाइल मागवली, ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर तीच क्वेरी उलटी मारली: मागच्या महिन्यात येणारे, या महिन्यात बंद झालेले. दोन नावं. जुनी कामवाली पाडव्याआधीच काम सोडून गेलेली. उरला सेक्रेटरींचा ठाकुर्लीचा भाचा. दर रविवारी मामाकडे जेवायला, पाडव्यानंतरही एकदा आलेला, मग गायब.

ठाण्यात बोलावून विचारलं, येणं का थांबवलं? "ट्रेनिंग होतं, मॅडम," भाचा म्हणाला.

आमचे हवालदार खुर्ची ओढून समोर बसले. "कसलं रे? बांगड्या विकायचं?"

पोरगं तिथेच फुटलं. सराफाकडून मुद्देमाल जप्त केला.

आणि सेक्रेटरी? "घरातलंच आहे, मॅडम. मिटवून टाका ना."

"काल बेड्या घाला म्हणत होतात! ही काय सोसायटीची मीटिंग आहे?"

बाकावर बसलेली कामवाली मध्येच म्हणाली, "मॅडम, ते लाल आधी काढायला सांगा."

सेक्रेटरींना माझ्या टेबलासमोर उभं करून ते काढायला लावलं. माफी मागा म्हटलं, तर मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले, "झालं ना हिरवं."

एवढंच!

मशीनने त्यांना बरोबरच उत्तर दिलेलं. त्यांनी विचारलंच फक्त परक्या माणसाबद्दल. नवीन कोण आलं, हे कुणीही विचारतं. यायचं कोण थांबलं, हे विचारायला आधी आपल्या पंगतीला बसणाऱ्यांकडे बघावं लागतं.

ती त्याच गेटमधून परत बाकीच्या घरी कामाला जायला लागली. सेक्रेटरींच्या घरून कामावर ये म्हणून दोनदा निरोप आला. गेली नाही.