रुक्मिणीकाकूंच्या स्वयंपाकघरातली वायर

काय काम करतोस, असं कुणी विचारलं तर अंबादास छाती काढून सांगे, "सर्व्हेत आहे." खरं म्हणजे तो खुंट्या ठोकायचा. हातभर लांबीच्या पोलादी खुंट्या, एक जड हातोडा आणि खांद्यावर वायरीचं रीळ, एवढाच त्याचा सरंजाम. पण चार वर्षांत त्याने इतकी जमीन ठोकली होती की खाली मुरूम आहे की कातळ, हे तो नुसत्या आवाजावरून सांगे. संपात गिरणी सुटली तेव्हा आपली वाट लागली असं त्याला वाटलं होतं. आता मात्र तो सकाळी कामाला निघे तो वरातीला निघाल्यासारखा.

काम होतंच तसं मजेचं. एका ओळीत चार खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत बॅटरीची वीज सोडायची आणि आतल्या दोघींवर ती मोजायची. कोरडा कातळ विजेला अडवतो, यंत्रावरचा आकडा चढतो. ओला कातळ वाट देतो, आकडा उतरतो. बाहेरच्या खुंट्या जितक्या लांब न्याव्या तितकी वीज खोल जाते. फावडं न लावता पाताळाची खबर! अंबादासला याचं रोज नव्याने नवल वाटे, आणि ज्याला वाटत नाही त्याचा राग येई.

त्याच्या आईला, सोनूबाईला, या नवलाशी काही देणंघेणं नव्हतं. "साऱ्या मुलखाला पानी धुंडून देतूस, आन् आपल्या चाळीचं काय रं?" ती विचारायची. दहिसरच्या त्यांच्या बैठ्या चाळीत तीन रांगा, साठ खोल्या आणि नळ एक. शहाऐंशीच्या मे महिन्यात त्याला जेमतेम अर्धा तास पाणी येई. सोनूबाई सगळ्यांच्या मागे उभी राहायची. कुणी पुढे बोलावलं तरी जात नसे. नगरकडच्या तिच्या गावात विहिरीला हात लावायची तिच्या माणसांना बंदी होती. लांब उभं राहायचं, कुणाला दया आली की त्याने वरून ओतायचं आणि यांनी खाली ओंजळ धरायची. आयुष्यात तिने पोहऱ्याचा दोर कधी ओढला नव्हता. अंबादासला हे फार सलायचं.

म्हणून चाळीला एक बोअर मंजूर झाली आणि जागा शोधायला त्याचीच टोळी येणार असं कळलं तेव्हा त्याला रात्रभर झोप नाही. हातात दिवस मात्र एकच होता. संध्याकाळपर्यंत जागा ठरली नाही तर यंत्र उद्या माहुलला जाणार आणि बोअर दुसऱ्या चाळीच्या पदरात पडणार होती.

सकाळी टोळीच्या साहेब, सव्वीस वर्षांच्या उत्तरा मॅडम, यंत्राची पेटी घेऊन आल्या. मोकळी सरळ जागा एकच होती, चाळीच्या भिंतीकडेची. अंबादासने तिथे खुंट्या ठोकल्या. जमीन इतकी सुकलेली की खुंटीच्या भोकात तांब्याभर पाणी ओतल्याशिवाय वीज आत शिरेना. पाणी शोधायला आधी पाणी हवं! बायकांनी कुरकुरत का होईना, आपापल्या हंड्यांतलं आणून दिलं.

आणि आकडा उतरू लागला. वीस. बारा. सात! चाळीचे सेक्रेटरी जयवंतराव तर मॅडमच्या खांद्यावरून वाकून यंत्रात डोकावत होते. "झकास! इथेच मारा बोअर!" बायकांनी टाळ्या पिटल्या. लांब ओट्यावरून सोनूबाई मान उंचावून बघत होती.

अंबादासला मात्र ते पटेना. खुंट्या लांब नेल्या तरी सात. आणखी लांब नेल्या तरी सातच. जमीन अशी कधी बोलत नाही. थराथराला तिची जीभ बदलते. साकीनाक्याला एका कारखान्याच्या आवारात असाच आकडा पाहून सगळे नाचले होते आणि बोअर मारल्यावर नुसती धूळ निघाली होती. खुंट्यांच्या ओळीलगत जमिनीत लोखंडी पाइप पुरलेला होता, सारी वीज त्यातून पळत होती. इथे चाळीआधी म्हशींचा तबेला होता. तबेल्याला पाणी कुठून येत असेल? या भिंतीकडूनच की!

बोलावं तर सगळ्यांच्या आनंदावर विरजण. न बोलावं तर बोअर कोरडी, आणि तीही त्याच्याच हातून. त्याने हातोडा खाली ठेवला.

"मॅडम, हे पाणी नाही. पाइप आहे."

सगळे एकदम बोलले. "तुझं तोंड बघ रे!" जयवंतराव ओरडले. "आलेलं पाणी घालवतोस?" मॅडमनी कागदावरचे आकडे पुन्हा पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"बरोबर आहे काका. ओळ पाइपला आडवी घ्यायला हवी, म्हणजे वीज त्यातून पळणार नाही. पण आडवी घ्यायची कुठून? मध्ये अख्खी चाळ आहे."

"चाळीतूनच!" अंबादास म्हणाला. "दारं आहेत, खिडक्या आहेत. खुंट्या बोळांत ठोकू, वायर घरातून नेऊ."

मग जी धमाल उडाली ती विचारू नका. वायर जयवंतरावांच्या पुढच्या दाराने शिरली आणि मागच्या खिडकीतून निघाली. शिक्षिका पद्मजाताईंच्या पलंगाखालून गेली. अडली ती मधल्या रांगेत. दारात रुक्मिणीकाकू पदर खोचून उभ्या. नळावर हंड्याच्या नंबरावरून त्यांनी भल्याभल्यांना पाणी पाजलेलं.

"मेल्या, माझ्या रांधपघरातसून करंट सोडतलंस? माका शॉक बसलो तर?"

"वायरीला रबर आहे काकू. माझ्याच हातात धरून नेतो. बसला तर मला बसेल."

काकूंनी त्याच्याकडे बघितलं, मग चुलीवरची आमटी उतरवली आणि वाट दिली. मागच्या बोळात खुंटी बसली, पण ओतायला पाणी कुठे होतं? साऱ्या चाळीचं सकाळीच संपलेलं. काकूंनी पिण्याच्या कळशीवरचं झाकण काढलं, तळाला होतं तेवढं तांब्यात घेतलं आणि स्वतःच्या हाताने खुंटीच्या भोकात ओतलं.

"आता पाणी लागाक व्हया हां! नायतर बघ!"

अंबादास शेवटची खुंटी घेऊन पार पलीकडे नाल्याकाठच्या ओलसर मातीत गेला. तिथून मॅडम दिसत नव्हत्या की यंत्र दिसत नव्हतं. आकडे यायचे ते खोल्याखोल्यांतून, तोंडातोंडी. आधी आला चाळीस. मग नव्वद. मग एकशेवीस! खाली नुसता कातळ. त्याने खुंटी उपटली, आणखी लांब ठोकली. घाम डोळ्यांत उतरत होता.

"ऐंशी!" जयवंतरावांच्या घरातून आवाज आला.

आणखी लांब.

"पंचावन्न!" पद्मजाताई ओरडल्या.

आणखी! आता वायर संपत आली होती. त्याने शेवटचे दोन हात ओढून घेतले आणि दात खाऊन हातोडा मारला. जिवाचा कान करून तो उभा राहिला.

"अठ्ठावीस रेऽऽ!" रुक्मिणीकाकूंचा आवाज नाला ओलांडून गेला असेल. "अठ्ठावीस! बरा मां ता?"

बरं? कातळाच्या पोटात ओली भेग होती! अंबादास हातोडा टाकून पळत सुटला, बोळात पाय घसरून आपटला, उठला आणि पुन्हा पळाला. ओळीच्या मधोमध, नळाशेजारच्या मोकळ्या पट्ट्यात, मॅडमनी चुन्याची फुली मारली.

आठवड्याने बोअरची गाडी आली. शंभर फूट धूळ, दीडशेला चिखल, आणि एकशेसत्तरला असा फवारा उडाला की जयवंतरावांचा इस्त्रीचा शर्ट कामातून गेला. एवढे खुश ते मुलीच्या लग्नातही नव्हते.

हातपंप बसला त्या दिवशी नारळ फुटला, आणि पहिला मान अंबादासचा असं सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं. तो घरात गेला आणि सोनूबाईला हाताला धरून घेऊन आला. जयवंतरावांनी दांडा दाबला, पाणी धो धो आलं. सोनूबाईने वाकून तोटीखाली ओंजळ धरली आणि कुणी थांबायला सांगायच्या आत मागे सरायला निघाली.

"आये," अंबादास म्हणाला, "ओंजळ नको. दांडा धर."

तिने पदराला हात पुसले. दांडा धरला. पहिल्यांदा जोर पुरला नाही, दुसऱ्यांदा खडखड झालं, तिसऱ्यांदा पाणी आलं. ती थांबेना. हंडा भरला, कळशी भरली, बादली भरली, मागे रांग नाक्यापर्यंत गेली. आता कुणीतरी बोलणार म्हणून अंबादासने रुक्मिणीकाकूंकडे पाहिलं. काकू हंडा काखेत धरून मुकाट उभ्या होत्या.

सोनूबाईने मान वर केली.

"उभी काय ऱ्हायलीस बाई? ठेव हंडा हितं," ती म्हणाली. "म्या भरून देते."