निळ्या काचेमागचे सासरे

आमच्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट नुसत्या डोळ्यांनी पाहिली नाही, हे विधान मी पूर्ण शुद्धीत आणि बायकोच्या परवानगीने करतो आहे. घुग्घुसच्या अंगाला एका सिमेंट कारखान्यात ते भट्टीवर बर्नर होते. आगगाडीचे दोन-तीन डबे एकापुढे एक जोडावेत एवढं लांब लोखंडी नळकांडं आडवं पडून रात्रंदिवस गोल फिरतंय, त्याच्या तोंडाशी उभं राहून आतली आग बघायची आणि कोळसा वाढवायचा की कमी करायचा, भट्टी जोरात फिरवायची की हळू, ते ठरवायचं, असं हे काम. आग बघायची ती तळहाताएवढ्या निळ्या काचेतून. पाळी संपली की काच कपाटात ठेवून घरी जायचं, असा नियम होता. सासऱ्यांनी तो नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मोडला आणि ती काच शर्टाच्या खिशात कायमची राहायला आली.

त्यानंतर जगात जे जे काही पाहण्यासारखं होतं ते त्यांनी त्या काचेतून पाहिलं. बाजारात वांगी घेताना एक वांगं उचलायचं, सूर्याकडे धरायचं आणि काच डोळ्याला लावायची. वांगीवाल्या बाईनं एकदा हात जोडले. "भाऊ, वांगे हायेत थे. गिरहन नोहे." गावातल्या कुणाचाही ताप थर्मामीटरपेक्षा त्यांना आधी कळतो, अशी त्यांची समजूत होती, रोग्याच्या कपाळाकडे निळ्या काचेतून बघून ते "उद्या दुपारपावतर उतरते" म्हणायचे, आणि ताप बिचारा बहुधा उतरायचाही. स्वयंपाकघरात मात्र त्यांना बंदी होती. भाकरी तव्यावर असताना ते मागे येऊन उभे राहत आणि "आच मंदी झाली, एका बाजूनं कच्ची राहीन" असं म्हणत. सासूबाईंनी एक दिवस उलथनं त्यांच्या हातात दिलं आणि शेजारणीकडे निघून गेल्या. त्या दिवशी घरानं मुरमुरे खाल्ले.

मी मूळचा आरमोरीचा. डिप्लोमा करून त्या कारखान्यात उपकरणांच्या खात्यात लागलो आणि वर्षाच्या आत त्यांची मुलगी पाहायला त्यांच्या घरी गेलो. मुलगी मी पाहिली की नाही ते आठवत नाही, कारण चहा हातात घेतला त्याच क्षणी समोर एक निळी काच उभी राहिली आणि तिच्यामागून एक डोळा माझ्याकडे रोखून बघू लागला. मिनिटभरानं निकाल लागला. "कच्चा आहे. पन जळनार नाई." माझ्या आईनं हे कौतुक समजून मान डोलावली. मग त्यांनी सुस्कारा टाकला आणि आमच्या मामांना म्हणाले, "मोठीचंच टेन्शन आहे बावा. चार दिवसापासून रुसली. काई खाऊनच नाई राह्यली." मी मनाचा मोठा माणूस. खाकरलो आणि म्हणालो, "मोठ्या ताईंचं लग्न आधी होऊ द्या, मला घाई नाही." त्यावर आतून बायकांच्या हसण्याचा जो आवाज आला तो अजून माझ्या कानात आहे. मोठी म्हणजे भट्टी. मुलगी त्यांना एकच होती, जी आज माझ्या खांद्यावरून हे वाचते आहे आणि "खोटं लिहू नका" म्हणते आहे.

कारखान्याच्या वसाहतीत त्यांचं घर भट्टीपासून हाकेच्या अंतरावर. भट्टी फिरायची तशी घरातली फरशी बारीक थरथरायची, मांडणीतली ताटं किणकिणायची. पाहुण्यांना पहिल्या दिवशी वाटायचं भूकंप झाला. सासरे घरात कधी चप्पल घालत नसत. पाय फरशीला टेकवून जेवत, आणि मधेच घास हातात धरून म्हणत, "जड चालून राह्यली. कोनाची पाळी आहे?" वर्षातून एकदा भट्टी थंड करून आतल्या विटा बदलत, तेव्हा फरशी मुकी व्हायची आणि सासऱ्यांना अन्न जात नसे. त्या आठवड्यात सासूबाई त्यांना पिठाच्या गिरणीवर दळण घेऊन पाठवायच्या. तिथल्या थरथरत्या ओट्यावर तासभर उभे राहून ते ताजेतवाने होऊन परत यायचे.

आमचं लग्न झालं, आणि सहा महिन्यांत कारखान्यात पॅनेल आलं. काचेच्या भिंतींची, थंडगार एसीची एक खोली बांधली. तिथे बसून काट्यांवर आणि आकड्यांवर भट्टी चालवायची, आणि भट्टीच्या तोंडाशी कॅमेरा बसवून आतली आग टीव्हीवर बघायची, अशी योजना. पॅनेलपुढे खुर्ची, खुर्चीवर डिप्लोमावाला. चार बर्नर होते. त्यांतले बहुतेक 'सरप्लस' होणार, असं कँटीनपासून बुद्धविहारापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. आणि ते पॅनेल बसवणाऱ्या चमूत, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सर्वांत पुढे, मी. सासूबाईंनी मला जेवायला वाढलं, समोर बसल्या आणि शांतपणे विचारलं, "जवाईबापू, पोरगी नेली तं नेली. आता यायची, तुमच्या मामाजीची, नोकरी बी नेता का?" सासऱ्यांच्या रिटायरमेंटला अजून सहा वर्षं होती आणि वसाहतीतलं घर नोकरीबरोबर जाणारं होतं.

मी ठरवलं, सासऱ्यांना वाचवायचं. माझ्या आयुष्यातले सगळे मोठे घोटाळे अशाच उदात्त निश्चयानं सुरू झालेले आहेत. संधीही आली. चाचणी झाल्यावर कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी माझ्याकडे कॅमेऱ्याबद्दल लेखी मत मागितलं. टीव्ही होता काळा-पांढरा. त्यावर ती लालपिवळी आग धुक्यात वाळत घातलेल्या धोतरासारखी दिसायची. मी दोन पानं लिहिली. आगीचा रंग हाच भट्टीचा प्राण, तो ओळखणारी अनुभवी बर्नरची नजर हीच कारखान्याची खरी संपत्ती, कोणताही कॅमेरा त्या नजरेची बरोबरी करू शकत नाही, वगैरे. शेवटच्या परिच्छेदात मला स्वतःलाच गहिवरून आलं. संध्याकाळी ती प्रत मी सासुरवाडीत मोठ्यानं वाचून दाखवली. सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले. सासरे मात्र भातात हात घालून तसेच बसून राहिले. मला वाटलं, भारावले.

तीन दिवसांनी नोटीस लागली. बर्नरच्या नजरेचं महत्त्व लक्षात घेता, सर्व बर्नरांची येत्या सोमवारी नेत्रतपासणी करण्यात येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी मला अंगणात बोलावलं. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "जवाईबापू, तुमाले अक्कल कोनी देल्ली?"

"काऊन मामाजी, काय झालं?"

"मले दीड वर्षापासून धुकंच दिसते. आग बी धुकं, तुमी बी धुकं."

मी पायरीवर बसलो. जन्मभर आगीकडे बघून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि प्रत्येक वस्तू काच लावून बघायची त्यांची जुनी खोड असल्यामुळे कुणाला, अगदी सासूबाईंनाही, पत्ता नव्हता.

"मग भट्टी कशी चालवता तुम्ही?"

"पायानं. आन कानानं. डोळ्याचं फकस्त नाटक करतो." मग एकदम रागावून म्हणाले, "मी तं तुमच्या पॅनेलची वाट पाहून राह्यलो होतो ना बावा! आकडे मोठे असते म्हने, लाल दिवे लागते म्हने. कोनाले समजलं नसतं. आन तुमी लिहून आले, डोळ्याबिगर भट्टी चालत नाई!"

ज्या यंत्राच्या नावानं सगळी वसाहत बोटं मोडत होती, त्याच्या आशेवर एकच माणूस बसला होता, आणि त्याचा हिशेब मी दोन पानांत उलटा केला होता.

माणूस एका चुकीवर थांबला तर तो मी कसला. कारखान्याच्या दवाखान्यात जाऊन, डोळ्यांत कचरा गेल्याचं सोंग करून, मी डोळे तपासायचा तक्ता कागदावर उतरवून आणला आणि पाच दिवस सासऱ्यांकडून पाठ करून घेतला. इंग्रजी अक्षरं त्यांनी मंत्रासारखी म्हटली. आठव्या ओळीपर्यंत एक चूक नाही. बायको दारात उभी राहून म्हणाली, "माझ्या परीक्षेच्या वेळी बाबांनी एवढा अभ्यास केला असता तर मी कलेक्टर झाली असती."

सोमवारी मी दवाखान्याच्या खिडकीबाहेर होतो. सासरे स्टुलावर ताठ बसले, डॉक्टरांनी त्यांचा एक डोळा झाकला आणि "चला, सुरू करू" म्हणाले. सासऱ्यांनी समोरच्या भिंतीकडे रोखून पाहिलं आणि पहिल्या अक्षरापासून आठव्या ओळीपर्यंत, न अडखळता, खणखणीत आवाजात सगळा तक्ता म्हणून दाखवला. डॉक्टर तोपर्यंत टेबलाच्या खणात तक्ता शोधत होते. भिंतीवर नुसता खिळा होता.

डॉक्टरांना मोतीबिंदू दिसला, दीड वर्षाचं धुकं आणि उतरवून आणलेला तक्ता दोन्ही कबूल करावं लागलं, आणि आम्हा दोघांना साहेबांपुढे उभं केलं. नोकरी गेली, हे मी मनातल्या मनात बायकोला सांगूनही टाकलं. फक्त एक गेली की दोन, एवढंच ठरायचं होतं. साहेब बराच वेळ रजिस्टर चाळत होते. मग त्यांनी विचारलं, "गेल्या दीड वर्षात यांच्या पाळीचा माल एकदाही परत आलेला नाही. दिसत नव्हतं तर हे केलं कसं?"

"पायानं, साहेब."

साहेब हसले नाहीत. ते आम्हाला तडक भट्टीवर घेऊन गेले आणि मला पॅनेलवर पाठवलं, हातात फोन देऊन. सासऱ्यांनी बूट काढले, डोळे मिटले आणि त्या तापलेल्या फलाटावर एक पोतं टाकून त्यावर उभे राहिले. फोनवर मला त्यांचा आवाज ऐकू आला. "हलकी झाली. आतून कच्चा माल येऊन राह्यला. फिरकी कमी करा." मी भट्टीचा भार दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं. काटा जागचा हललेला नव्हता. मी देव न मानणारा माणूस. कुणाला साकडं घालावं ते सुचेना, म्हणून काट्यालाच हात जोडले. शंभरपर्यंत मोजलं असेल नसेल, आणि काटा हळूहळू, रेंगाळत खाली आला. फोन माझ्याच कानाला होता, त्यामुळे पॅनेलवरचा डिप्लोमावाला नुसता त्या काट्याकडे बघत राहिला आणि मला म्हणाला, "आला खरा खाली. पण आता काय करायचं?"

हा प्रश्न साहेबांनी मागे येऊन ऐकला, हे आमचं नशीब. काटे सगळं सांगत होते, पण त्यावर काय करायचं ते सांगणारं माणूस त्या थंड खोलीत एकही नव्हतं. साहेबांनी सासऱ्यांना चंद्रपूरला पाठवून दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करवली आणि मग पॅनेलजवळच्या खुर्चीवर बसवलं. घर राहिलं, नोकरी राहिली, आणि मला ताकीद मिळाली की यापुढे मत लिहायचं ते चार ओळींतच. बाकीच्या तीन बर्नरांपैकी एक चुनखडीच्या खाणीवर गेला, एक पोती भरायला, आणि एक हिशेब घेऊन गावी गेला. त्यांच्याकडे काही कमी नव्हतं. फक्त माझ्यासारखा मूर्ख जावई नव्हता.

जाड भिंगाचा चष्मा लावून सासरे घरी आले तेव्हा सासूबाईंकडे बराच वेळ बघत राहिले. "तू कवा म्हातारी झाली वो?"

"तुमी भट्टीवर होते तवा," सासूबाई म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं.

पुढची सहा वर्षं ते त्या थंड खोलीत मफलर, स्वेटर आणि कानटोपी घालून बसले. आयुष्यभर आगीपुढे उभा राहिलेला माणूस एसीपुढे कुडकुडायचा आणि तरीही खूश असायचा. काटा हलायच्या आधी "आता हलते पहा" म्हणायचा. हळूहळू डिप्लोमावाल्यांनाही काय करायचं ते कळायला लागलं, आणि शेवटच्या वर्षी सासऱ्यांना कुणी फारसं विचारत नसे. तेव्हा ते पेपर वाचायचे.

रिटायर झाल्यावर ते चंद्रपूरला दोन खोल्यांच्या घरात राहायला गेले. महिन्याभरानं मी भेटायला गेलो तर त्यांनी पाणी विचारायच्या आधी विचारलं, "माझ्या जागेवर कोन आलं?"

"कोणी नाही, मामाजी. बर्नर ही जागाच बंद केली. कागद निघाला परवा."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "बरं झालं बाई. आता कोनाचं लेकरू त्या आगीपुढं उभं नाई राहीन."

"हो," सासरे म्हणाले. "बरंच झालं."

मग मला बाजेवर जागा करून दिली, आरमोरीच्या धानाचं विचारलं, नातवाच्या शाळेचं विचारलं. मी सगळं सांगत होतो. आणि मधेच दोनदा, कुणी काही विचारलेलं नसताना, बाहेरच्या रस्त्याकडे बघत ते पुन्हा म्हणाले, "बरंच झालं."