बारा ते तीन

ईशा, निखिल, तुमच्या छपरावर सोलर बसल्याचे फोटो आले आणि निखिलने विचारलं, "आजी, तू यातलं नक्की काय करायचीस?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

ऊन पडलं की सिलिकॉनच्या सेलमध्ये धन आणि ऋण असे दोन प्रकारचे विद्युतभार सुटतात. एका बाजूने फक्त धन, दुसरीने फक्त ऋण बाहेर पडले तरच वीज मिळते. नेहमीच्या सेलमध्ये ही दोन दारं भट्टीत तयार होतात. पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही त्याऐवजी धातूंच्या ऑक्साइडचे थर द्यायचो, एकीकडे मोलिब्डेनमचा, दुसरीकडे टायटेनियमचा. थर केसाच्या हजाराव्या भागाहून पातळ.

असं एक पॅनेल आणि शेजारी एक बाजारचं, अशी जोडी आम्ही विंझर गावच्या सरूबाईंच्या गोठ्यावर चाचणीला लावली होती. रीडिंग पुण्याला मोबाईलवर यायचं. मार्चमध्ये आमचं पॅनेल रोज बारा वाजता निम्म्यावर यायला लागलं. तीनला पुन्हा वर. शेजारचं ठणठणीत.

"ऑक्साइड उन्हात टिकत नाही, मॅडम," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. "सोमवारी प्रोजेक्ट बंद करायचं पत्र पाठवतो."

"उन्हाने बिघडलेला थर तीन वाजता दुरुस्त होतो का, सर? जाऊन बघायला हवं."

"डेटा इथे आहे. तिथे काय बघणार?"

तीन आठवडे आम्ही आलेखांवर वाद घातला होता. सहा पीएच.डी., आणि एकालाही नसरापूरच्या पुढे जायचं नव्हतं. त्या सहांत मी होते. शेवटी शुक्रवारी एस.टी.ने नसरापूर, पुढे जीपने विंझर गाठलं.

सव्वाबारा झाले होते. आमच्या पॅनेलवर ओलं पांढरं धोतर पसरलेलं, चार कोपऱ्यांना दगड.

"सरूबाई, हे काय?"

"तुमीच त्या वायरमनला ओरडला न्हवं, ह्या पाटीला हीट सोसत न्हाई म्हनून? आता ऊन लई. म्या दुपारचं भिजवून टाकते."

पॅनेल बसवताना मी ओरडले होते ते वायर जोडायच्या तापलेल्या सोल्डरिंग गनबद्दल, तिच्या उष्णतेने आमचा थर बिघडतो. ऊन पॅनेलला सहज सोसतं, हे मात्र मी सरूबाईंना कधी सांगितलंच नव्हतं.

"मग शेजारच्या पाटीला का नाही?"

"ती बाजारची हाय. तिला काय व्हतंय."

खाटेवरून त्यांचे मालक म्हणाले, "तीन आठवडं झालं, बाई. माझं धोतर हिच्या डोक्यावर, अन् म्या लुंगीवर."

धोतर काढलं. पाच मिनिटांत रीडिंग शेजारच्या बरोबरीला आलं. मी तिथूनच फोन लावला.

"रिपोर्टमध्ये काय लिहू?" साहेबांनी विचारलं.

"धोतर."

त्यांनी 'स्थानिक सावली' लिहिलं. पत्र गेलं नाही. तीन आठवड्यांचा डेटा मात्र फेकावा लागला. आलेख कळेना झाला की एस.टी. पकडावी, आणि कुणालाही अर्धी सूचना देऊ नये, एवढं मी शिकले.

पुढे मुदत भरल्यावर प्रोजेक्ट संपला, मी निवृत्त झाले. ते पॅनेल अजून गोठ्यावर आहे. दमट हवेने त्याची एक कड पांढुरकी झाली आहे. गोठ्यातला दिवा त्याच्यावर लागतो.